जमाखर्चात न मावणारे देणे

मराठी भाषेत कृतज्ञतेचे जवळजवळ सारे शब्द हिशेबाच्या वहीतून आलेले आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ऋण, देणे, फेड, उतराई हे शब्द सावकाराच्या पेढीवर जितके शोभतात, तितक्याच सहजतेने आपण ते आईच्या, गुरूच्या किंवा अडीअडचणीला धावून आलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीत वापरतो. 'आभार' या औपचारिक शब्दाच्या पोटातही 'भार' आहेच. आणि उपकार तर आपल्याकडे ओझ्यासारखे डोक्यावरच वागवावे लागतात. याउलट 'कृतज्ञ' हा शब्द पाहावा. जे केले गेले ते जाणणारा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ओझे नाही, व्याज नाही, फेडीची मुदत नाही. केवळ जाणीव आहे. आणि 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा, ते जणू कधी घडलेच नव्हते असे करून टाकणारा. मनुष्य कृतघ्न होतो तो बहुधा दुष्टपणाने नव्हे, तर विसरून होतो, असे आम्हांस वाटते.

घरातल्या घरात आभार मानण्याची रीत आपल्याकडे नव्हती. गरम पोळी पानात वाढणाऱ्या आईला मुलगा जर 'मी आपला आभारी आहे' असे म्हणाला असता, तर तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे की काय ते पाहिले असते. परंतु शब्द नव्हते म्हणून भावना नव्हती असे नाही. पहिला पगार देवापुढे ठेवून मग आईच्या हाती द्यावयाचा. पंगतीतून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणावयाचे. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा करावयाची, मग ते हत्यार तलवार असो, करवत असो वा दौत-टाक असो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी लावावयाचे. ज्याच्या जोरावर आपले पोट चालते, त्याची वर्षातून एकदा तरी आठवण करावी, एवढीच या सगळ्यांमागची कल्पना. आज आमच्या अनेक घरांत 'थँक्यू' हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही; चांगलाच शब्द आहे. फक्त तो उच्चारला की देणे फिटले असा समज होतो, तेवढा खोटा.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना आता एक प्रकारचे स्थैर्य आलेले आहे. पूर्वज कोणी पागेबरोबर आले, कोणी फडावरच्या कारकुनीसाठी, कोणी शिक्षक म्हणून. पुढे रेल्वे आली, गिरण्या आल्या, बँका आल्या. आता नातवंडे बंगळूरला किंवा अमेरिकेत असतात. घराचे कर्ज फिटलेले, भविष्यनिर्वाह निधी सुरक्षित, आजारपणाचा विमा उतरविलेला. अशा घरांतून दोन प्रकारचे उद्गार आमच्या कानी येतात. एक असा, की सारे काही मिळाले तरी मन भरल्यासारखे वाटत नाही. दुसरा, की आम्ही जे मिळविले ते स्वतःच्या हिमतीवर. आम्ही कोणाचे काही लागत नाही. हे दोन उद्गार पुष्कळदा एकाच तोंडून निघतात, हे आम्ही पाहिले आहे, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असावा असा आमचा दाट संशय आहे.

सात घरांचा विमा

वार लावून जेवणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. खेड्यातला गरीब विद्यार्थी शिक्षणासाठी शहरात येई. राहण्यास एखाद्या देवळाची ओवरी किंवा नातलगाच्या माडीचा कोपरा मिळे. पण जेवणाचे काय? तेव्हा ओळखीपाळखीने सात घरे गाठावयाची आणि आठवड्यातील एकेक वार एकेका घरी जेवावयाचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सातही वार लागले तो मुलगा भाग्यवान. पुष्कळांना चार किंवा पाचच वार मिळत आणि उरलेले दिवस चणे-कुरमुऱ्यांवर काढावे लागत. ज्यांना वारही मिळत नसत ते झोळी घेऊन माधुकरी मागत. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातील, मुले आरंभी अशीच माधुकरीवर जेवत. बडोद्यास १८८१ साली कॉलेज निघाले, इंदूर-ग्वाल्हेरास इंग्रजी शाळा वाढल्या, तशी तेथील मराठी घरांतूनही ही वारकरी मुले दिसू लागली. (पंढरीच्या वारकऱ्यांशी याचा संबंध नाही, हे तरुण वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

आर्थिक दृष्टीने पाहिले तर ही व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. एका मुलाचा भार एका घराला सोसला नसता. तो सात घरांत वाटला गेल्यामुळे कोणालाच जड झाला नाही. आठवड्यातून एक पान अधिक मांडावयाचे, एवढाच प्रश्न. अनेकांनी थोडेथोडे द्यावे आणि त्यातून एकाची गरज भागावी, हे जे विम्याचे तत्त्व, ते आपल्या स्वयंपाकघरांत पॉलिसीच्या कागदावाचून चालू होते. त्यासाठी घर श्रीमंत असण्याची गरज नव्हती. तीस-चाळीस रुपये पगाराच्या कारकुनाच्या घरीही एक वार लागलेला असे.

परंतु जुन्याचे कौतुक करताना त्यातील उणे झाकणे हा एक प्रकारचा कृतघ्नपणाच आहे. कारण त्यात ज्यांना काही मिळाले नाही त्यांची आठवण पुसली जाते. वाराचे जेवण बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरते होते. 'आपल्यातला' मुलगा असेल तर पान मांडले जाई. बाकीच्यांच्या भुकेला वार नव्हता. म्हणूनच शाहू महाराजांना कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारावी लागली. आणि ज्या घरांतून वार मिळत तेथेही सगळीकडे सारखाच जिव्हाळा असे, असे मुळीच नाही. कोठे मुलाला घरच्या मुलांच्या पंक्तीला बसवीत, तर कोठे सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर ओसरीवर. त्या ओसरीची आठवण काही जणांना आयुष्यभर बोचत राहिली, आणि ती बोचावी हे स्वाभाविक आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस राहून राहून जाणवते. पुढे मोठे झालेल्या माणसांच्या आठवणींतून वार देणाऱ्या यजमानांची नावे येतात, अमुक वकील, तमुक मास्तर. पण पहाटे उठून, चुलीतला धूर डोळ्यांत घेऊन ते जास्तीचे पान ज्यांनी रांधले त्या बायकांची नावे फारशी येत नाहीत. वार देण्याचा निर्णय यजमानांचा, पुण्य यजमानांचे आणि कणीक मळावयाची ती घरातल्या बाईने. ही चूक केवळ मुलांची नव्हे. त्या बाईचे नाव मुलाला कोणी सांगितलेलेच नसे. ती काकू असे किंवा वहिनी.

या मुलांनी पुढे काय केले? ज्यांच्या घरी जेवलो त्यांना जेवणाचे पैसे मोजून देणे अशक्यच होते. तो यजमानांचा अपमान झाला असता. म्हणून स्वतःचा संसार थाटल्यावर त्यांनी आपल्या घरी एखादा वार लावून दिला. कर्ज घेतले एकाकडून आणि फेडले भलत्याकडेच, असा हा प्रकार. आपल्या जुन्या ऋणकल्पनेशी तो चांगला जुळतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे वेदांत सांगितली आहेत, शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋण हे चौथे येते. आणि त्यांपैकी ऋषींचे ऋण फिटते ते अध्ययनाने, पितरांचे फिटते ते संततीने. म्हणजे धनको मागे आणि फेड पुढे. वाराची पद्धत पुढे ओसरली, पण तिची स्मृती ओसरली नाही. माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांची अवस्था पाहून डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, आणि तेथे राहून गेलेल्या विद्यार्थ्यांनीच पुढे तिला मोठा हातभार लावला. मधल्या काळात एक फरक पडला होता: येथे मुलाची जात विचारली जात नव्हती.

शिष्यवृत्ती, करार आणि अर्पणपत्रिका

कृतज्ञता आणि पैसा यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असू शकतो हे पाहावयाचे असेल, तर आम्हां बडोदेकरांना फार दूर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. तोवर त्यास अक्षरओळखही बेताचीच होती. शिक्षणाने माणूस कोठून कोठे जातो याचा अनुभव ज्याने स्वतः घेतला, त्याने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. १९०८ च्या जुलैत बँक ऑफ बरोडा निघाली, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय. प्रजेला वाचता यावे आणि प्रजेची चार पैशांची शिल्लकही सुरक्षित राहावी, या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. आपल्या वाट्याला आलेल्या भाग्याची ही त्यांनी केलेली फेडच म्हणावयाची, पण त्यावर येथे अधिक लिहीत नाही. बडोद्याच्या वाचकांना हे सारे तोंडपाठ आहे.

तोंडपाठ नसते ते पुढचे. १९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंडांची. त्यापूर्वी एल्फिन्स्टन कॉलेजातही त्यांना बडोद्याचे साहाय्य होते. शिष्यवृत्तीबरोबर करार होता: शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची. करारात गैर काही नव्हते. संस्थानाचा पैसा प्रजेचा, आणि त्याचा उपयोग प्रजेस व्हावा ही अपेक्षा रास्तच होती. करारानुसार आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले.

आणि या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. कोलंबियात शिकून, लंडनमध्ये अभ्यास करून आलेला हा विद्वान एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिला, आणि अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यास तेथून घालवून दिले. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. ओळखीच्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, तेथेही काही ना काही कारण निघाले. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, काढले. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविली आहे. त्या बागेत आज त्यांच्या त्या दिवसाचे स्मारक आहे. रविवारी मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालय पाहावयास जाणाऱ्या आमच्या किती कुटुंबांचे पाय तिकडे वळतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

आता हिशेब मांडून पाहा. कराराप्रमाणे दहा वर्षांची नोकरी देणे होते. ती झाली नाही. पण ती न होण्याचा दोष ऋणकोचा नव्हता. ज्या शहरासाठी ती नोकरी करावयाची, त्या शहराने, म्हणजे आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीने, ती अशक्य करून टाकली. दुसरा कोणी असता तर त्याने म्हटले असते, की तुमची शिष्यवृत्ती आणि तुमचा अपमान यांची वजाबाकी झाली, आता माझे तुमचे काही देणेघेणे नाही. आणि त्याला दोष देण्यास कोणाचीही जीभ वळली नसती. परंतु १९२५ साली लंडनमध्ये आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा अर्पणपत्रिकेवर नाव होते ते श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचे, आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दलच्या कृतज्ञतेची खूण म्हणून. सरकारी जमाखर्चाची अक्षरशः चिरफाड करणारे ते पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या पानावर ही नोंद.

त्यांनी बडोद्यातील अपमान गिळला असे मात्र नाही. तो त्यांनी कधी विसरला नाही, लपविला नाही, सौम्य करून सांगितला नाही. एका माणसाने केलेले चांगले आणि एका समाजाने केलेले वाईट ही दोन खाती त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. आपल्याकडे कृतज्ञतेचा अर्थ पुष्कळदा 'उपकारकर्त्यापुढे तोंड उघडू नये' असा करतात. सुनेने सासरच्या अन्नाची आठवण ठेवून गप्प बसावे, नोकराने मालकाच्या मिठाला जागून अन्याय सोसावा, पुतण्याने काकांनी शिकविले म्हणून वाटणीचा प्रश्न काढू नये. कृतज्ञतेचा असा चाबूक करणाऱ्यांनी ती अर्पणपत्रिका आणि सयाजीबागेतील ते पाच तास एकत्र आठवावेत.

सयाजीरावांच्या बाबतीतील आणखी एक फेड सांगण्याजोगी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यास महाराजांचा आधार होता. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले. दुसऱ्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यास श्रम करून शिकणाऱ्या मुलांसाठी मोफत निवासी हायस्कूल काढले, त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव हायस्कूल.

कोणाच्या पैशाने?

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो आमच्या भगिनींनी अनेकदा, जरा धारदार शब्दांत, विचारलेला आहे. कृतज्ञता ज्याची त्याची, पण ती व्यक्त होते ती कोणाच्या पैशाने?

इंदूरच्या वाचकांना याचे एक उत्तर घरचेच आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात काशीपासून सोमनाथपर्यंत मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या. हा सारा धर्मादाय खर्च त्या दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, तर खासगीतून करीत. राज्याचा पैसा निराळा, आपला निराळा. भक्ती आपली, तर खर्चही आपला. सार्वजनिक पैशाने खासगी पुण्य जोडण्याची हौस ज्या काळात सर्वत्र होती, आणि अजूनही ती मावळलेली दिसत नाही, त्या काळात हे व्रत पाळणे सोपे नव्हते.

परंतु 'आपला पैसा' म्हणजे तरी काय? धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घेऊ. मुंबईत चार पैसे मिळवू लागताच त्यांनी आपल्या गावासाठी, कोकणातील मुरूडसाठी, मुरूड फंड काढला. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला अंश गावाच्या कामासाठी बाजूला ठेवावा, अशी कल्पना. (परप्रांतात राहून गावच्या देवळाला वर्गणी पाठविणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना नवी वाटणार नाही.) १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकले. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० पासून तो हिंगण्यास गेला, आणि अण्णा पुण्याहून हिंगण्यास पायी खेपा घालू लागले. गाठीची शिल्लक आश्रमात गेली, विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली.

अण्णांची थोरवी निर्विवाद आहे. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली होती. पण त्या पॉलिसीवर दुसऱ्याही कोणाचा हक्क होता. गोदूबाई, म्हणजे विवाहानंतरच्या आनंदीबाई, ज्यांना सारे बाया म्हणत, त्यांनी 'माझे पुराण' या आपल्या आत्मचरित्रात संसाराची ओढाताण सांगितली आहे, आणि तीही कुरकुर न करता, पण आडपडदाही न ठेवता. मुले लहान, पतीचे वय वाढते, आणि उद्याची तरतूद दुसऱ्याच्या नावे. एकाच्या त्यागाचा खर्च घरातल्या दुसऱ्याच्या झोपेतून वळता होतो, हे चरित्रे लिहिणारे सहसा लिहीत नाहीत. साताऱ्यास लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातील मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून दागिने तर दिलेच, शेवटी मंगळसूत्रही दिले. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता, म्हणून त्याचे मोल निराळे आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. सामान्य गृहस्थाने अण्णांचे अनुकरण करू नये. आधी म्हातारपणाची व आजारपणाची तरतूद करावी, घर पत्नीच्याही नावे करावे, आणि मग जे देणे द्यावयाचे ते दोघांनी बसून ठरवावे. मुलांच्या दारी हात पसरावा लागेल असा दानशूरपणा हा पुढच्या पिढीवर काढलेला वॉरंट आहे. तसेच, दान देताना प्राप्तिकराची सूट मिळते की नाही याची चौकशी करण्यात लाज नाही. परंतु जुन्या पद्धतीत मिळणारी ती सूट नव्या करपद्धतीत मिळत नाही असे कळताच ज्यांची वर्गणी बंद पडली, त्यांची कृतज्ञता कोणत्या कलमाखाली येत होती ते त्यांचे त्यांनी पाहावे.

स्थैर्य आणि कृतज्ञता यांचे मुळातच वाकडे आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांनी ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटते त्या दर आठवड्याला लिहून ठेवल्या, तर काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटास आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. २०१४ मधील दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले, की कृतज्ञतेचा प्रसंग आठवलेली माणसे आज मिळणाऱ्या थोड्या रकमेपेक्षा उद्या मिळणाऱ्या मोठ्या रकमेसाठी थांबण्यास अधिक तयार असतात. म्हणजे बचतीला जो धीर लागतो त्याचा आणि कृतज्ञतेचा काही संबंध असू शकतो. असल्या प्रयोगांवर आम्ही सारी भिस्त ठेवीत नाही. पण आमच्या आजी रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी 'आज अमक्याने हे केले, तमकीने ते आणून दिले' असे पुटपुटत, आणि पानातला घासही वाया घालवीत नसत, हे आठवले.

मंगळवारच्या काकू

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. वयाची पंच्याऐंशी ओलांडली आहे, दांडिया बाजारात राहतात, दोन्ही मुलगे परदेशी. निवृत्तिवेतन चांगले आहे, हिशेब चोख. 'मी कोणाचे पाच पैसेही लागत नाही' हे त्यांचे आवडते वाक्य. सुमारे दोन वर्षांपूर्वी पत्नी वारल्यावर त्यांच्या हाती तिची दिनवही लागली. तिच्या शेवटल्या पानांवर तिने एक यादी केली होती: धाकट्याच्या बाळंतपणात रात्रभर बसलेली परिचारिका, मुलांचे गणित पैसे न घेता पक्के करून देणारे मास्तर, सासूबाईंच्या शेवटच्या आजारात डबा पाठविणारी गुजराती शेजारीण. प्रत्येकापुढे तिने काय केले तेही बारीक अक्षरात होते. कोणाला पत्र, कोणाच्या नातीच्या लग्नात साडी, कोणाच्या नावे शाळेला दिलेली रक्कम. दोन-तीन नावांपुढे जागा कोरी होती.

या गृहस्थांनी आधी त्या कोऱ्या जागा भरल्या. मग स्वतःची यादी करावयास बसले आणि, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, फजिती झाली. पहिलेच नाव लिहिता येईना. १९५० नंतरच्या दशकात ते बडोद्यास वार लावून शिकले होते, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितली नव्हती. सात घरांपैकी सहांची आडनावे आठवली, यजमानांचे हुद्देही आठवले. परंतु ज्या घरी त्यांचे सर्वांत प्रेमाने झाले, जेथे परीक्षेच्या दिवसांत सकाळी लवकर ताट तयार असे, तेथल्या बाईंचे नाव त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांनी वहीत लिहिले, 'मंगळवारच्या काकू'.

शोध घेण्यास त्यांना आठ महिने लागले. वाडा केव्हाच पडला होता, कुटुंब पांगले होते. शेवटी देवळातल्या पुजाऱ्याकडून धागा मिळाला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या त्यांच्या नातीपर्यंत ते पोहोचले. बाईंचे नाव त्यांना तेथे प्रथम कळले. नात स्वतः पन्नाशीची, नोकरीत, सुखवस्तू. आजीच्या नावे काही रक्कम द्यावी या विचाराने त्यांनी नेलेला धनादेश तिने हसून परत केला आणि एखाद्या वसतिगृहाला द्या म्हणाली. तसा तो त्यांनी पुढे दिलाही. मग तिने विचारले, 'काका, आजी गेली तेव्हा माझी आई दहा वर्षांची होती. आमच्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही. ती दिसायची कशी? स्वयंपाक काय करायची?'

गृहस्थ आम्हांस सांगत होते, की आयुष्यभर आकडे लिहिलेल्या माणसाला वर्णन करणे जड गेले. पण हळूहळू आठवत गेले. ठेंगण्या होत्या. उजव्या हातावर भाजल्याचा डाग होता. मंगळवारी बहुधा आमटी-भात आणि ज्वारीची भाकरी. आमटीत गूळ अंमळ अधिक पडे. मुलाने ताक मागितले नाही तरी वाटी भरून ठेवीत, आणि पाठ फिरवून उभ्या राहत, म्हणजे त्याला लाज न वाटता दुसऱ्यांदा भात घेता यावा. हे शेवटचे सांगताना त्यांना क्षणभर थांबावे लागले. नातीने ते सारे एका वहीत उतरून घेतले, आणि आमटीत गूळ नेमका किती, हे पुन्हा एकदा विचारले.